कांडीवरचा हिरवा दोरा

विणकरांच्या एका गावात एक घर होतं. त्या घरात चार माणसं राहत होती आणि बोलत मात्र दोनच होती.

बोलणारी दोन माणसं म्हणजे म्हातारे आप्पा आणि त्यांची बायको माई. न बोलणारी दोन म्हणजे त्यांचा मुलगा रंगनाथ आणि सून तुळसा. मुकं कुणीच नव्हतं. रंगनाथ आईवडिलांशी बोलायचा. तुळसा सासूशी बोलायची. फक्त दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, असा त्या घरचा नेम होता. मोठ्यांच्या देखत नवरा-बायकोने एकमेकांशी बोलणं म्हणजे मोठ्यांचा अपमान. आणि मोठी माणसं तर दिवसभर घरातच.

पुढच्या खोलीत माग होता. मागावर रंगनाथ बसायचा आणि मागाशेजारी पाटावर आप्पा. त्यांच्या गुडघ्यांनी कधीच संप केला होता, पण डोळे कामावर होते. मागच्या पडवीत तुळसा चरख्यावर कांड्या भरायची. बोराएवढ्या जाडीची पोकळ बोरूची नळी, तिच्यावर सूत गुंडाळायचं की झाली कांडी. ती धोट्यात बसली की धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे धावतो आणि कापड होतं. भरलेल्या कांड्यांची टोपली माई पुढे न्यायच्या, रिकाम्या कांड्या माई मागे आणायच्या. सुनेने सासऱ्यासमोर मागापाशी जायचं नाही, हाही नेमच.

लग्नानंतर महिन्याभरात तुळसाने न बोलण्याचा नेम एकदा मोडला होता. ती दारातून पाणी ठेवायला वाकली, तर रंगनाथच्या पायाशी विंचू. ती ओरडली, “अहो, पाय वर घ्या!”

रंगनाथचा पाय वाचला, विंचू मेला. आप्पांचं मन मात्र दुखावलं. ते ताटावरून उठले आणि दोन दिवस जेवले नाहीत. अर्धी गल्ली समजूत काढायला आली. माई तुळसाला म्हणाल्या, “अगं, विंचू दिसला तर मला सांगायचं. मी त्याला सांगितलं असतं.”

“तोवर चावला असता की, माई.”

“चावला असता तर उतारा आहे गावात. घरची रीत गेली तर तिला कुठला उतारा?”

शेवटी रंगनाथने बायकोच्या वतीने वडिलांचे पाय धरले तेव्हा आप्पांनी भाकरी मोडली. ज्याचा पाय वाचला त्यानेच माफी मागितली, याचं त्या घरात कुणाला नवल वाटलं नाही. तुळसाला वाटलं. पण ती ते कुणाला सांगणार?

रात्री माळ्यावर दोघं कुजबुजायची. पण फळ्यांना फटी होत्या आणि खाली आप्पांचा खोकला होता. कुजबुज वाढली की खोकला वाढायचा. चिठ्ठी लिहावी तर तुळसा चौथी शिकलेली आणि रंगनाथ शाळेची पायरीही न चढलेला. आप्पांनी त्याला सातव्या वर्षी मागावर बसवलं होतं. “धोट्याला अक्षर लागत नाही,” असं ते म्हणायचे आणि वर हसायचे.

मग एक दिवस गंमत झाली. तुळसाने पिठल्याची तयारी करता करता कांड्या भरल्या आणि हळदीने पिवळा झालेला एक दोरा कांडीच्या टोकाला अडकून पुढे गेला. रंगनाथने तो पाहिला. दुपारी ताटात पिठलं आलं. त्याला वाटलं, बायकोने आपल्याला आधी कळवलं! खरं म्हणजे तिने काहीच कळवलं नव्हतं. पण संध्याकाळी रिकामी कांडी परत आली तेव्हा तिच्या पोकळीत गुळाचा बारका खडा होता, वर सुताचा बोळा. तुळसा चरख्याशी बसून एकटीच हसली. लग्नानंतर नवरा तिला दिवसाउजेडी पहिल्यांदा काहीतरी म्हणाला होता.

तेव्हापासून तुळसाने रंगीत दोऱ्यांच्या तुकड्यांची पुरचुंडी चरख्याखाली लपवली. निरोप नेणार माई, निरोप आणणार माई, आणि दोघींतल्या एकीलाच ते ठाऊक. गुळामुळे टोपलीमागे मुंग्यांची रांग लागायची. माई पदराने मुंग्या झटकत म्हणायच्या, “सुताला मुंग्या लागतात हे काही आमच्या वेळी नव्हतं बाई!”

आता दोऱ्याने किती सांगता येणार? सांगितलेलं निम्मं वाकडंच पोचायचं. एकदा तुळसाने निळा दोरा लावला. तिला म्हणायचं होतं, माझा भाऊ येणार आहे, वेशीवर आणायला जा. भावाचा सदरा कायम निळा. रंगनाथने विचार विचार विचार केला आणि बाजारातून कपड्यांना घालायची नीळ आणली, ती पण भली मोठी पुडी. भाऊ बिचारा वेशीवर दुपारभर उन्हात उभा राहिला आणि आप्पांची धोतरं महिनाभर आभाळासारखी दिसली.

एकदा तिने काळा दोरा लावला. आज माईंचं डोकं फिरलंय, जपून राहा. रंगनाथला वाटलं, काळ्या मसाल्याचं वांगं! तो हात चोळत ताटावर बसला आणि म्हणाला, “माई, आज वाढ भरपूर!” माईंनी वाढलं, भरपूर वाढलं, पण त्यात वांगं नव्हतं. पडवीत तुळसाने तोंडात पदर कोंबला. हसणंही ऐकू जायला नको होतं.

मग एके दिवशी तिने हिरवा दोरा लावला.

रंगनाथने मेथी आणली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवा. त्याने पालक आणला. तिसऱ्या दिवशी अंबाडी आणली. माई म्हणाल्या, “या पोराला झालंय काय? घरात म्हैस बांधलीय का?” तुळसाने कपाळाला हात लावला. चौथ्या दिवशी तिने हिरव्या दोऱ्याचा चिमुकला झोका केला, त्यात कापसाचं बोटभर गाठोडं ठेवलं आणि तो कांडीला टांगला.

पुढच्या खोलीतला माग थांबला. तुळसाचा हात चरख्यावर थांबला. मग माग असा सुटला, असा सुटला, की आप्पा ओरडले, “अरे, कापड विणतोस का शर्यत लावलीस?” त्या संध्याकाळी कांडीत गूळ इतका ठासून भरला होता की तो काडीने कोरून काढावा लागला.

पुढचे महिने तुळसाच्या आयुष्यातले सगळ्यात बोलके महिने होते. बाळ हलायला लागलं. पोटात जितक्यांदा पाय मारी, तितक्या गाठी ती सकाळच्या हिरव्या दोऱ्याला मारायची. पाच गाठी, सात गाठी. रंगनाथ मोजायचा आणि कांडीतून तितकेच ज्वारीचे दाणे परत पाठवायचा. म्हणजे, पोचलं बरं का. एकदा तिने गमतीने बावीस गाठी मारल्या. त्याने बावीस दाणे पाठवले आणि वर एक काळा मिरीदाणा. तुळसाला अर्थ कळायला दुपार लागली. पोरगं तिखट होणार, असं तो म्हणत होता. या एका गोष्टीत त्यांची चूक कधी झाली नाही. गाठी आणि दाणे रोज जुळायचे.

सातवा लागला तेव्हा माईंनी तुळसाला माळ्यावरून खाली, स्वयंपाकघरात आपल्या शेजारी झोपायला घेतलं. तीही रीतच. तुळसाला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी जाण्याऐवजी सासरीच व्हायचं होतं. आता ती कुजबुजही गेली. राहिला तो दोरा.

आठव्या महिन्यात एका सकाळी तुळसा चरख्यापाशी बसली आणि पोटावर हात ठेवून वाट बघत राहिली. रोज या वेळी बाळ जागं असायचं. आज हललं नाही. तिने गूळ खाल्ला. थंड पाणी प्याली. या कुशीवर झाली, त्या कुशीवर झाली. काही नाही.

ती माईंकडे गेली. “माई, सकाळपासून बाळ हलत नाही.”

“झोपलं असेल.”

“कधी असं झोपत नाही हो. दवाखान्यात दाखवू या का? यांना सांगता का?”

माईंनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने काही घाणेरडं मागितलं होतं. “पुरुषांना असलं सांगतात का? तेही आप्पांसमोर? मला पाच झाली. मी कधी कुणाला सांगायला गेले नाही.”

त्या पाचांतला एकटा रंगनाथ जगला होता, हे माईंना आठवलं नाही. तुळसाला आठवलं.

तिने हिरवा दोरा घेतला. त्याला एकही गाठ मारली नाही. सरळ, गुळगुळीत, मोकळा दोरा तिने कांडीला बांधला आणि माईंच्या हाती टोपली दिली. मग कान देऊन बसली.

खटक खटक खटक. मग माग थांबला.

कळलं, असं तिच्या मनात आलं. इतक्या महिन्यांत सांगितलेलं निम्मं वाकडं पोचलं होतं. आज सगळ्यात मोठी गोष्ट सरळ पोचली. आता तो उठेल. आता दारात येईल आणि विचारेल.

आप्पांचा आवाज आला. “का रे थांबलास?”

मग रंगनाथ म्हणाला, “काही नाही आप्पा. धागा तुटला.”

आणि माग सुरू झाला.

तुळसा विणकराची मुलगी आणि विणकराची बायको होती. ताण्यातला धागा तुटला की तो शोधावा लागतो, ओवावा लागतो, गाठ मारावी लागते. त्याला वेळ लागतो. माग लगेच सुरू झाला होता. पण ती मनाला म्हणाली, माझ्या कानांनीच चूक केली असेल. संध्याकाळच्या कांडीत दहा दाणे होते. तिने एकही गाठ पाठवली नव्हती आणि त्याने दहा दाणे पाठवले होते. काही होणार नाही, हलेल, असं तो सांगत होता बहुतेक. स्वतःलाच सांगत होता. तुळसाने दाणे मुठीत धरले आणि रात्रभर पोटावर मूठ ठेवून पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळीही पोट दगडासारखं. तिने पुन्हा मोकळा दोरा पाठवला. या वेळी माग थांबलासुद्धा नाही.

मग ती उठली. भिंत धरत पुढच्या खोलीच्या दारात आली. आप्पा आणि रंगनाथ नुकतेच जेवायला बसले होते. तिने रंगनाथकडे पाहिलं. रंगनाथने आप्पांकडे पाहिलं.

“अहो,” तुळसा म्हणाली, “कालपासून बाळ हलत नाही. मला दवाखान्यात घेऊन चला.”

विंचवानंतर त्या खोलीत तिचा आवाज पहिल्यांदाच उमटला होता.

आप्पांनी ताट सरकवलं. काठी घेतली आणि ते ठेचकाळत बाहेर पडले. माई धावत आल्या. “काय केलंस गं हे! भरल्या ताटावरून उठले ना ते!”

रंगनाथ उठला. त्याने हात धुतले, टोपी घातली. तुळसाला वाटलं, शेजारच्या सदूभाऊंची गाडी आणायला निघाला. दवाखाना दोन कोसांवर होता. ती चौकटीला धरून उभी राहिली आणि तिने त्याची पाठ पाहिली.

तो आप्पांच्या मागे गेला.

आप्पा मारुतीच्या पारावर बसले होते. सारी दुपार त्यांची समजूत काढण्यात गेली. रंगनाथने पाय धरले. पारावरच्या आणखी दोन म्हाताऱ्यांनी आपापल्या घरच्या सुनांच्या कथा सांगितल्या. आप्पा म्हणाले, “मी कुठे नाही म्हणतोय दवाखान्याला? तिने सासूला सांगायचं होतं, सासूने मला, मी तुला. एवढंच तर मागणं आहे माझं.” तीन तोंडांतून फिरून निरोप यायला किती वेळ लागतो, हे पारावर कुणी मोजलं नाही. उन्हं उतरली तेव्हा आप्पा उठले आणि मग सदूभाऊंनी गाडी जुंपली.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी पोटावर नळी ठेवली. बराच वेळ ऐकलं. मग नळी काढून ठेवली.

“हालचाल कधी थांबली?”

“काल सकाळी,” तुळसा म्हणाली.

बाईंनी रंगनाथकडे वळून विचारलं, “आणि तुम्ही आज दिवस मावळताना आणता?”

रंगनाथने सवयीने आप्पांकडे पाहायला मान वळवली. आप्पा तिथे नव्हते. मग त्याने खाली पाहिलं.

मुलगी झाली. नाकीडोळी नीटस होती. तिने एकदाही तोंड उघडलं नाही. त्या घरचा नेम तिने जन्माला यायच्या आधीच पाळला होता.

तुळसा घरी आली. गल्लीतल्या बायका येऊन बसल्या, उठून गेल्या. माई दोन दिवस रडल्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “देवाची मर्जी.” काही दिवसांनी एका संध्याकाळी आप्पांनी मोठ्या मनाने सांगितलं, “रंगनाथ, सूनबाई, यापुढे तुम्ही एकमेकांशी बोललात तरी आमची हरकत नाही.”

खोलीत कुणीच बोललं नाही. आप्पांना वाटलं, पोरं लाजली.

तुळसा पुन्हा चरख्यावर बसू लागली. कांड्या भरून द्यायची. त्यांना दोरा नसायचा. रंगनाथ रिकाम्या कांड्यांतून गूळ पाठवायचा. ती बोळाही काढायची नाही, त्याच कांडीवर सूत गुंडाळून परत द्यायची. उन्हात पाघळलेला गूळ धोट्याला चिकटायचा आणि त्याला कळायचं की तिने उघडून पाहिलेलं नाही.

असे दीड-दोन महिने गेले आणि पातळ मागावरून उतरलं. ते त्या मोकळ्या दोऱ्याच्या दिवसाच्या आधीपासून मागावर होतं, नऊ वारी, जांभळ्या अंगाचं, मोराच्या काठाचं. आप्पांनी ते गुडघ्यांवर पसरलं, उलटं केलं आणि वीत वीत करत त्याच्यावरून बोटं फिरवली. वाईट विणकर कापडाच्या उलट्या बाजूला कळतो. जिथे धागा तुटतो तिथे गाठ राहते आणि गाठ बोटाला लागते.

“अरे वा!” आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज अभिमानाने भरून आला होता. “सबंध पातळात एक गाठ नाही! एक म्हणून गाठ नाही! अगं, इकडे ये, बघ तुझ्या लेकाचं काम. अशा दिवसांत विणलंय, पण एक धागा तुटू दिला नाही पोराने.”

माई कौतुकाने वाकून बघू लागल्या. रंगनाथ मागावरच बसून होता. त्याने डोळे वर केले नाहीत.

तुळसा पडवीतून उठून दारात येऊन उभी होती.

“मला कळलंच नाही गं,” रंगनाथ एकदम म्हणाला. आईवडिलांच्या देखत, मोठ्याने. बायकोशी तो असं पहिल्यांदाच बोलत होता. “तुझा तो दोरा. मला वाटलं, नेहमीसारखं माझंच काहीतरी चुकतंय. निळीसारखं. मेथीसारखं. मला वाटलं, तू गंमत करतेस.”

तुळसा पुढे आली. सासऱ्याच्या मांडीवरच्या पातळाचं टोक तिने उचललं, हातात चाचपलं आणि परत ठेवलं.

“धागा तुटला, असं तुम्ही आप्पांना सांगितलं होतं,” ती म्हणाली. “मग गाठ कुठे आहे?”

आप्पांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे पाहिलं. त्यांना काही कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. ते पातळाची घडी घालू लागले.

तुळसा पडवीत गेली. तिने चरख्याखालची रंगीत दोऱ्यांची पुरचुंडी काढली आणि चुलीत टाकली.

त्या घरात अजून चार माणसं राहतात. बोलायची आता सगळ्यांना मुभा आहे. बोलत मात्र कुणीच नाही.

तात्पर्य: बायकोचं म्हणणं कळूनही जो वडिलांच्या रुसव्याला भिऊन न कळल्यासारखं करतो, त्याला नंतर मिळालेली बोलायची मुभा काही कामाची नसते. आणि ज्या मोठेपणाला जिवापेक्षा स्वतःचं ताट मोठं वाटतं, त्याचा मान राखणं हा गुण नव्हे, गुन्हा आहे.